मनोऱ्यावरून काढलेला फोटो

"आणि हा वरून काढलेला!" श्रीरंगनं टीव्हीवर गेल्या महिन्यातल्या सहलीचा फोटो पुढे सरकवला. जर्मनीतल्या त्या छोट्या गावाचा जुना चौक, उतरती लाल छपरं, मधोमध विहीर. "लग्नानंतर आम्ही इथंच राहायचो. चर्चच्या या मनोऱ्याच्या घंटेवर घड्याळ लावायचो."

अमेरिकेत शुगर लँडच्या त्यांच्या घरात रविवारची जेवणं रेंगाळली होती. शेजारची प्रीता म्हणाली, "काका, व्ह्यू काय भारी आहे! काकू वर नव्हत्या आल्या?"

"तिला उंचीची भीती. खाली बाकावर बॅगा सांभाळत बसली होती."

शोभनानं डाव पातेल्यात आपटला. म्हणे भीती! 'तुझे गुडघे दुखतील, तू बस,' हे यानंच परस्पर ठरवलं होतं.

त्यांच्या मुलानं, यशनं, फोटो मोठा केला. "बाबा, बट मॉम कुठाय? नुसत्या बॅगाच दिसतायत."

श्रीरंग पुढे झुकला. "अगं, पासपोर्ट होते त्यात! कुठे गेली होतीस?"

"चर्चच्या मागं."

"कशाला?"

"कशाला?" तिचा आवाज चढला. "तुम्ही विचारताय? मनोरा दाखवलात, विहीर दाखवलीत, बिअरचे ग्लास दाखवलेत. आपली मुलगी तिथं पुरलीय, ते कधी सांगणार?"

प्रीताचा घास हातातच राहिला. आपल्याला एक बहीण होती, हे यश आज पहिल्यांदा ऐकत होता.

"शोभना, पाहुण्यांसमोर कशाला..."

"पाहुण्यांसमोरच! घरात विषय काढला की तुम्ही उठून गराजमध्ये जाता. आता तिथं गवत आहे. तिच्या नावाचा दगडसुद्धा काढून टाकलाय. थडग्याच्या जागेची मुदत संपली की काढतात म्हणे. त्या गवतावर मी अनवाणी उभी होते, आणि तुम्ही वरून छपरांचे फोटो काढत होतात!"

"मला वाटलं, बोललो नाही तर तू विसरशील."

"आई विसरते?"

यशनं हळूच विचारलं, "बाबा, नाव काय होतं तिचं?"

परक्या गावात बारशाला आत्या कुठून येणार, म्हणून श्रीरंगनंच ते नाव बाळाच्या कानात सांगितलं होतं. आता त्याचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. त्यानं शोभनाकडे पाहिलं.

इतकी वर्षं ते नाव तिनं एकटीनं घेतलं होतं. आज ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि वाट पाहू लागली.