बर्गामॉटचं निखळ तेल

बर्गामॉट या लिंबाच्या जातीच्या फळाचा हंगाम मार्चमध्ये आटोपला, तेव्हा कोन्सोलाताच्या अंगात उभं राहायचंही त्राण उरलं नव्हतं. सगळा हिवाळा ती कोंदोफुरी गावच्या घाण्यावर सालं किसणाऱ्या यंत्रापाशी उभी होती. फळ आंबट-कडू, मोल सगळं सालीतल्या सुगंधी तेलाचं. निघताना मालकानं तिला त्या तेलाची एक छोटी बाटली दिली.

"आण इकडं," सासू अनुन्त्सियाता खाटेवरून म्हणाली. "मान आखडलीय माझी."

"निखळ नका लावू, आई. संध्याकाळी ऑलिव्हच्या तेलात दोन थेंब टाकून चोळते. लावून उन्हात बसायचं नसतं, कातडी भाजते."

"मला शिकवतेस? स्पंजात तेल टिपत हातानं सालं पिळलीत मी. तुझा जन्मही नव्हता तेव्हा!"

"बरं, तुम्हीच शहाण्या." वाद घालायचाही तिला कंटाळा आला होता. ती आडवी झाली नि तिला झोप लागली.

जाग आली ती वासानं. म्हातारी अंगणात, उन्हाकडे मान करून पेंगत होती. बाटली निम्मी रिकामी. कोन्सोलातानं तिला आत नेलं, साबणानं मान धुतली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढे मान लालभडक झाली, मग टरारून फोड आले. डॉक्टरांनी मलम दिलं, ऊन बंद केलं. डाग मात्र बरेच महिने राहतील म्हणाले.

शेजारची पीना बघायला आली. "गावात म्हणतात, सुनेनं उकळतं पाणी ओतलं."

सासूच कडाडली, "कुणाची जीभ वळवळतेय? माझी मान, माझा हात, माझा हट्ट! ही नको म्हणत होती. जा, चर्चच्या दारात ओरडून सांग."

पीना गेल्यावर म्हातारी खाटेवर टेकली. मग म्हणाली, "आम्ही तळघरात पिळायचो गं. अंधारात जायचो, अंधारातच घरी यायचो. हिवाळाभर हातांना ऊन ठाऊकच नसायचं. मला कुठून कळावं?"

बोटावर मलम घेऊन कोन्सोलाता हलक्या हातानं लावत राहिली.

"तूही टेक जरा," म्हणत सासू भिंतीकडे सरकली. दोघी त्याच खाटेवर, पाठीला पाठ लावून दुपारभर झोपल्या.

तो उन्हाळा अनुन्त्सियातानं मानेला रुमाल गुंडाळून काढला. कुणी विचारलं की म्हणायची, "सुनेचं ऐकलं नाही, म्हणून."