शेपटीचा गोंडा

मित्रांनो, शाळेच्या कपाटावर विसावलेले, रेडिओच्या इशाऱ्याने उडणारे मी एक वृद्ध विमान आहे. वय झाले, तरी त्या दिवसाची आठवण निघाली की माझे पंख आजही थरथरतात.

अकोल्याच्या जठारपेठेत, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गुलाम नबींच्या घरी मी जन्मलो. त्यांची कन्या महेजबीन वलगावच्या शाळेत विज्ञान शिकवीत असे. मागच्या हंगामात कपाशीने वऱ्हाडाला दगा दिला होता आणि पुष्कळ दावणी रिकाम्या झाल्या होत्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल मिरवतात, तो तान्हा पोळा यंदा भरवूच नये, असे गाव म्हणू लागले. हिरमुसलेल्या मुलांना बाई म्हणाल्या, "बैल तुमी आना, विमान मी आनीन."

ते वचन माझ्या पंखांवर होते.

माझ्या उदरात दोन सर्व्हो बसवल्या गेल्या. सर्व्हो म्हणजे आज्ञा होताच आपली भुजा वळवणारी चिमुकली मोटर. एक सुकाणू फिरवी, दुसरी शेपटीची फळी उचली.

"पेच लय नको कसू बेटा, मोटरखालचं रबर दबून राहिलं," गुलाम नबी म्हणाले. "अन् पहिले मोटर बीचमधे आन, मंग भुजा लाव."

बाईंनी तसेच केले. सायकलच्या तारांनी भुजा शेपटीला जोडल्या. मग पंखांखाली दोन बोटे धरून मला उचलले आणि बॅटरी पुढेमागे सरकवली. अखेर मी बोटांवर निश्चल राहिलो. केवढी धन्यता वाटली!

वलगावला बाई नत्थुजींच्या घरी भाड्याने राहत. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी त्यांच्या पत्नी सुभद्राकाकूंनी मला कुंकू लावले आणि बैलासारखा लोकरी गोंडा माझ्या शेपटीला बांधला. मी फुलून गेलो. मैदानावर मात्र बाईंनी मला पुन्हा बोटांवर तोलले, तो माझी शेपटी खाली झुकली.

"काकू, हा गोंडा काढा लागते. उडताच उताणं पडन हे."

"काढतं काहून वो माय? सनाच्या दिसी बैलाचा साज कोनी उतरवते का?"

नत्थुजी हसले. "पोरी, उडन नाई म्हनतं, मंग बैल आनला का कोंबडी?"

बाईंचा हात गोंड्याशी थबकला. तेव्हा माझे उड्डाण पाहायला अकोल्याहून आलेले गुलाम नबी काकूंना म्हणाले, "भाभी, बैलाच्या गळ्यात काही नाई का बांधत तुमी?"

काकू लगबगीने घरी जाऊन पितळी घुंगरे घेऊन आल्या. माझी शेपटी लांब आणि नाक आखूड, म्हणून एका गोंड्याला तोलायला चार घुंगरे लागली. ती बॅटरीपाशी घट्ट बांधताच मी बोटांवर स्थिर झालो.

बाईंनी मला हवेत सोडले. मी चढलो, वळलो, कपाशीच्या हिरव्या ओळींवरून फिरलो. खाली मुले आपापले बैल डोक्यावर धरून धावत होती. नाकावरच्या पंख्याची मोटर थांबवून मी तरंगत उतरू लागलो, तेव्हा आकाशातून घुंगरांचा नाद आला आणि साऱ्या गावाने कान टवकारले.

"आईकता का?" काकू नत्थुजींना म्हणाल्या. "कोंबडी वाजून राहिली तुमची!"

त्या दिवशी प्रत्येक मुलाला बोजारा, म्हणजे बैल मिरवल्याचा खाऊ मिळाला. गुळाचा एक खडा नत्थुजींनी माझ्या पंखावरही ठेवला.

मित्रांनो, कोणी मायेने काही बांधले, तर ते तोडण्याआधी त्याचा भार सावरायला कुठे जागा आहे का, ते शोधा. आणि मला पुसायचे झाले, तर ओले फडके नको. माझ्या अंगावर पतंगाचा कागद आहे. तुमचा कोरडा हात पुरेल.