बाबांचं तरंगतं अंडं

"तरंगलं! तरंगलं!" आंधळगावच्या चौकात एकच आरोळी उठली आणि बाबांपुढं रांगेत उभ्या असलेल्या बायाबापड्यांचे हात जोडले गेले. तांब्याच्या गंगाळात, हळदकुंकवाच्या पाण्यावर, बुधरामच्या पोटावरून उतरवलेलं अंडं डोलत होतं.

"बेटा, सकाळी हेच अंडं बुडालं होतं ना? रोगाचं ओझं होतं त्यात!" मांत्रिक बाबा गरजले. "मंत्रानं ओझं उतरवलं. कॅन्सर गेला! आता ते विषारी सलाईन घेशील, तर माझी जबाबदारी नाही." जबाबदारी झटकायची सोय बाबांनी आधीच करून ठेवली होती.

टेकचंद मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुधराम त्यांचा थोरला भाऊ. महिन्यापूर्वी नागपूरला त्याच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढली. त्या गाठीतली कोणती जनुकं जोरात काम करत होती आणि कोणती गप्प होती, ते तपासून अहवाल आला होता: रोग उलटण्याचा धोका जास्त. बाकीच्या तपासण्याही तेच सांगत होत्या, म्हणून डॉक्टरांनी सलाईनमधून केमो सुचवली. उद्याच जायचं होतं.

"दादा, उद्या नागपूरले चाल."

"त्या रिपोर्टात मी बरा होईन म्हनून लिवलं हाय का?"

"नाही. धोका किती, तेवढंच समजते त्याच्यातून."

"मंग बाबाच बरा. तो पक्कं सांगते."

खरं बोलणारा 'बहुतेक' म्हणतो, लबाड छातीठोक सांगतो, आणि लोकांना छातीठोकच गोड लागतं. मास्तरांनी तडक गंगाळात बोट बुडवून जिभेला लावलं. "वहिनी, तुम्ही चाखून पाहा."

"भस्म व्हाल!" बाबा किंचाळले.

बुधरामच्या बायकोनं, रेवताबाईंनी, तरीही चाखलं आणि त्या भडकल्याच. "हे तं बियाण्याचं पानी हाय! धानाच्या रोपाचे पऱ्हे टाकाच्या आंधी पोचट धान वेगळा कराले आपन असंच मिठाचं पानी करतो, अन् मीठ पुरलं का नाही ते अंडं टाकूनच पाहतो!"

मास्तरांनी बोअरवेलचं पाणी आणून तेच अंडं त्यात टाकलं. ते गपकन बुडालं. सकाळी साधं पाणी, दुपारी मिठाचं, चमत्कार एवढाच. घरोघरी दरवर्षी हे करणारी माणसं, गंगाळाला हळदकुंकू लागताच सगळं विसरली होती!

"अश्रद्धेनं ओझं परत आलं!" बाबा ओरडले. निम्म्या रांगेनं माना डोलावल्या. मास्तरांना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

बुधराम मात्र उठला. "टेकचंद, मले तं त्या तपासणीतलंही काही समजत नाही."

"मंग डॉक्टरले विचार. दहादा विचार. काय माहीत हाय अन् काय माहीत नाही, दोन्ही सांगतीन." मास्तर रांगेकडे वळले. त्यांचा आवाज फाटला होता. "तुम्हीही विचारा! मलेही खोटं ठरवून पाहा. पन जो विचारूच देत नाही, त्याच्या हाती आपला जीव देऊ नका!"