अळूवडीच्या घड्यांच्या पिशव्या

मी एक जुने छायाचित्र आहे. ठाण्यातल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत मी टांगलेले असते. मला नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. तरी मित्रांनो, ऐका.

सी अर्चिन हा समुद्रातला काटेरी, चेंडूसारखा प्राणी. त्याच्या एका अंड्याचा अतिशय पातळ काप घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मला टिपले. त्या अंड्यातून पिल्लू कधीच झाले नाही, हे मी विसरत नाही. अंड्याच्या काठालगत बारीक पिशव्या दाटीने बसलेल्या असतात. एक शुक्राणू आत शिरला की त्या फुटतात, त्यांच्यातला ऐवज बाहेर पडतो आणि अंड्याभोवती पडदा उचलला जातो. मग दुसऱ्या कुणाला वाट नाही. साध्या सूक्ष्मदर्शकातून त्या पिशव्या नुसते ठिपके दिसतात. माझ्यात मात्र त्यांच्या पोटातल्या गुंडाळलेल्या घड्या दिसतात.

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या कलावतीबाईंनी मला चौकटीत बसवले. सुरुवातीला विद्यार्थी माझ्यापुढे गर्दी करत. पुढे रंगीत तक्ते आले आणि मी बेसिनजवळच्या ओल्या भिंतीवर गेले. पुस्तकात ठिपके होते, म्हणून मुले ठिपकेच काढत. मान वर करून माझ्याकडे बघायची कुणाला गरज उरली नाही.

बाळकुमच्या कोळीवाड्यातली ऐश्वर्या मात्र हात धुता धुता थांबली. “मॅडम, ही तर कापलेली अळूवडी,” ती म्हणाली. वर्ग हसला. प्रीतम तर तिला पुढे अळूवडीच म्हणू लागला. ती माझ्याकडे पाहत राहिली.

प्रात्यक्षिक परीक्षेला कुणी पाहून काढू नये म्हणून रिवाजाप्रमाणे आम्हा सगळ्या चित्रांची आणि तक्त्यांची तोंडे भिंतीकडे फिरवली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अंड्याचा काठ रेखाटायला सांगितला. ऐश्वर्याने आठवून प्रत्येक पिशवीत घड्या काढल्या. परीक्षकांनी त्यावर लाल फुली मारली. ती या विषयात आधी एकदा नापास झाली होती. या खेपेला राहिली तर शिक्षण बंद, असे घरी ठरले होते.

“ही नक्षी कशाला? पुस्तकात आहे का?”

“पुस्तकात नाही, सर. भिंतीवर आहे.” तिने माझ्या पाठमोऱ्या चौकटीकडे बोट दाखवले.

कलावतीबाईंनी मला उतरवले, पदराने काच पुसली आणि टेबलावर ठेवले.

“छपाईतले डाग असतील, मॅडम.”

“प्रत्येक पिशवीत तोच डाग, सर?”

परीक्षक चष्मा कपाळावर सारून वाकले. बराच वेळ त्यांचा श्वास माझ्या काचेवर उमटत होता. मग त्यांनी फुली खोडली, शेजारी सही केली आणि गुण दिले.

“आम्हीही ठिपकेच काढलेले,” ते हळूच म्हणाले.

ऐश्वर्या पुढे शिकते आहे. बाई निवृत्त झाल्या. आता मुले मला पाहूनच आकृती काढतात. पण मी अजून बेसिनजवळच आहे. ओल माझ्या कोपऱ्यात शिरली आहे आणि काही पिशव्यांवर पिवळा डाग पसरतो आहे.

परवा शौनक नावाच्या मुलाने मन लावून माझी आकृती काढली. त्याने तो डागही काढला.

मित्रांनो, जमले तर मला कोरड्या भिंतीवर न्या.