अर्ध्या तासाऐवजी एक कॅन

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे आणि मला राग आला आहे. फ्रीजला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. येतो, बरं का! आम्ही तो थंड ठेवतो, एवढंच.

पत्रा कापून, वाकवून, पांढरा रंग देऊन एका कारखान्यात मला उभं केलं गेलं. पहिली अकरा वर्षं मी डोळ्यांच्या एका डॉक्टरांकडे होतो. माझ्या पोटात औषधांच्या इवल्याशा बाटल्या असत. डॉक्टर रोज सकाळी आतलं थर्मामीटर पाहत आणि "शाबास" म्हणत. तेवढ्यावर मी दिवसभर न कुरकुरता चाले. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला शेजारच्या लाँड्रीला देऊन टाकलं.

ही लाँड्री म्हणजे साधंसुधं दुकान नव्हे. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल गाड्या भरभरून तिथे येत. बावीस बायका कामाला होत्या. ओली चादर तापलेल्या रोलरमध्ये घालायची आणि पलीकडून कडक होऊन आली की ओढून घ्यायची. आठ तास, तेही उभ्याने. दुपारी अर्धा तास सगळ्या माझ्या खोलीत येत, बाकांवर पाय पसरत, माझ्यातलं गार पाणी पीत. सगळ्यात जुन्या इस्त्रीवालीला सगळ्या मावशी म्हणत. माझं दार पुसताना ती म्हणे, "इथे तक्रार न करता राबणारा गडी हा एकटाच."

मग नवा सुपरवायझर आला. तो सारखा "चला, चला" करायचा, म्हणून बायकांनी त्याचं नावच चला-चला ठेवलं. एका सोमवारी त्याने बाक उचलून नेले, तिथे चादरींचे गठ्ठे रचले आणि माझ्यातल्या पाण्याच्या बाटल्या काढून लालभडक कॅन भरले. कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानाचं, त्यांच्या स्वतःच्या छापाचं स्वस्तातलं एनर्जी ड्रिंक. प्रत्येक कॅनवर 'सूट' असं पिवळं लेबल चिकटवलेलं.

"आजपासून अर्धा तास बंद," तो म्हणाला. "एक कॅन प्यायचा आणि पाच मिनिटांत कामाला लागायचं. फुकट आहे, मजा करा!"

पहिला घोट मावशीने घेतला आणि तोंड वाकडं केलं. "खोकल्याच्या औषधात साखर ओतलीय मेल्यांनी!"

बायका हसल्या, पण प्यायल्या. करतील काय? पायांचे तुकडे पडले होते. खोटं कशाला बोलू, पहिले दोन-तीन दिवस हात भराभर चालले आणि चला-चला खूश झाला. मग कुणाची झोप उडाली, कुणाचे हात थरथरू लागले, काहीजणी विनाकारण एकमेकींवर खेकसू लागल्या. आणि ते गार करून त्यांच्या हातात देणारा कोण? मी! दार असं घट्ट मिटून घ्यावं की कुणाला उघडताच येऊ नये, असं मला वाटे. पण माझं दार माझ्या हातात कुठे होतं?

मावशीची भाची तिथेच घड्या घालायला होती. तिला पाचवा महिना चालू होता. तिला खरं तर बसायला हवं होतं, पण बाकच नव्हते. एका गुरुवारी ती दुसरा कॅन घ्यायला आली. तिने माझं दार उघडलं आणि दार धरूनच ती खाली घसरली.

"मावशी, छाती धडधडतेय गं... थांबतच नाहीये."

मावशी हातातली चादर टाकून धावली. तिला उचलून दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीच्या मालकीणबाई विचारपूस करायला आल्या. चला-चलाने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "हा डबडा फ्रीज, बाई. गार करतच नाही. त्यात ते ड्रिंक नासलं असणार." माझी वायर उपटली गेली आणि मला अंगणात, भिंतीकडे तोंड करून ढकलून दिलं. इतकी वर्षं एक दिवस रजा नाही, आणि हे बक्षीस! मी नुसता धुमसत होतो.

संध्याकाळी मावशी दवाखान्यातून आली. झाला प्रकार तिने बायकांकडून ऐकला. पहारेकऱ्याच्या खोलीतून वायर ओढून तिने मला ऑफिसच्या खिडकीकडे वळवून चालू केलं आणि आत बर्फाच्या कप्प्यात पाण्याने भरलेलं भांडं ठेवलं.

सकाळी ते भांडं घेऊन ती ऑफिसात गेली. ऑफिसची खिडकी अंगणात उघडते, त्यामुळे मला सगळं दिसलं आणि शब्द न् शब्द ऐकू आला.

"हा बर्फ, बाई. त्याच फ्रीजमधला. आता सांगा, नासलं काय होतं?" मग तिने एक कॅन टेबलावर आपटला आणि 'सूट'चं लेबल नखाने खरवडून काढलं. "वाचा. खाली काय छापलंय, ते मला काल दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं."

मालकीणबाई वाचू लागल्या. "गरोदर स्त्रिया व लहान मुलांनी हे पेय घेऊ नये." त्यांनी कॅन चला-चलासमोर सरकवला.

"लेबल दुकानवाले चिकटवतात," चला-चला पुटपुटला. "त्यात माझा काय दोष?"

"आणि बाक? तेही दुकानवाल्यांनी नेले का?" मावशीने विचारलं.

"मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं," मालकीणबाई म्हणाल्या.

"विश्रांतीच्या खोलीत एकदा डोकावला असतात, तर कळलं असतं."

तेवढ्यात आतले रोलर थांबले. बायका एकेक करून मावशीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. इतकी शांतता त्या लाँड्रीत मी कधी ऐकली नव्हती.

त्याच दिवशी बाक परत आले आणि अर्धा तासही. उरलेले कॅन बायकांनी मोरीत ओतले. मलाही माझ्या जागी आणलं. भाची आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत. पण ती कामावर परतली नाही. "ते दार पुन्हा धरवणार नाही," असं म्हणाली. ते दार माझंच होतं, मित्रांनो. माझा दोष नव्हता हे मला कळतं, पण ती गोष्ट मला अजून खाते. चला-चला अजून तिथेच आहे. माझ्यासमोरून जाताना तो दुसरीकडे बघतो आणि माझा राग पुन्हा उसळतो.

मला नीट वापरा, पुसत जा, असं मागणं मी मागणार नाही. म्हाताऱ्या फ्रीजला आता काय हवं? पण तुमच्या घरात, कामावर कुणी दमून आलं, तर त्याच्या हातात घाईघाईने काही कोंबू नका. आधी त्याला बसू द्या.