पिकअपचा भस्म्या

आमच्या पिकअपला भस्म्या झाला होता. लिटरला चौदा किलोमीटर देणारी गाडी नऊवर आली, आणि टाकी भरली की दोन फेऱ्यांत पुन्हा पंपासमोर उभी. गाद्यांचं दुकान दादाकडे गेल्यापासून बाबांच्या हातात एवढी गाडीच उरली होती. तयार गाद्या घरोघर पोचवायच्या, हे त्यांचं काम. दादाने एका रात्री जेवताना सांगून टाकलं, "महिनाअखेर सुधारली तर ठीक, नाहीतर विकून टाकू. भाड्याची गाडी बोलावली की येते." बाबा पाणी प्यायले आणि अर्ध्या ताटावरून उठले.

दादाने हो म्हटलं की माझ्या तोंडून नाही निघतं, हा माझा जुना रोग. पण या वेळी मुद्दा वेगळा होता. गाडी गेली तर बाबा दिवसभर करणार काय? दुकानाच्या कोपऱ्यात बसून दादाची दुकानदारी बघणार? गाडी मी वाचवायची ठरवली आणि मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्री तोंडाचा फाटका, पण हाताचा चोख. त्याने एअर फिल्टर बाहेर काढला. आमच्या दुकानातला कापूस त्यात ठासून बसला होता.

"ताई, यात एक उशी आरामात होईल," तो म्हणाला.

मग टायर. हवा तपासायची बाबांची पद्धत म्हणजे टायरला एक लाथ. परवाच लाथ मारून "दगड आहे दगड" असा निर्वाळा त्यांनी दिला होता. मिस्त्रीच्या गेजमध्ये हवा जेमतेम निम्मी निघाली. ब्रेक चिकटत असतील म्हणून त्याने जॅक लावून चाकं फिरवून पाहिली. ती मोकळी होती. शेवटी तो मला शेजारी बसवून चढावर गेला. इंजिन बोंबलत होतं आणि गाडी जागची हलायला तयार नव्हती.

"क्लच सरकतोय. म्हणजे डिझेल जळतंय, पण ताकद चाकापर्यंत पोचतच नाही. गेल्या वर्षी तर प्लेट टाकली होती! कोणीतरी क्लचवर पाय ठेवून चालवतंय."

मी हसलेच. गाडी बाबांशिवाय कोणी चालवत नव्हतं. आणि दादाला नि मला गाडी शिकवताना बाबांनी कापड मोजायची पट्टी मांडीवर ठेवली होती. गिअर पडल्यावर पाय क्लचवर राहिला, की गुडघ्यावर फटका. त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे हद्दच झाली.

"नवी प्लेट टाकतो," मिस्त्री म्हणाला, "पण आधी तो पाय शोधा. नाहीतर तीही खाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या शेजारी जाऊन बसले.

"दादाने हेर पाठवला वाटतं?" बाबांनी चिडवलं.

"स्वतःहून आलेय. फुकटात."

मागे दोन गाद्या होत्या. बाबा मजेत होते, गुणगुणत होते. दुसरा गिअर, तिसरा, चौथा. चौथा पडूनही त्यांचा डावा पाय क्लचवरच होता.

"बाबा, क्लचवरून पाय काढा."

"पाय खालीच आहे." त्यांची नजर रस्त्यावर होती आणि आवाजात जराही लपवाछपवी नव्हती.

"बाबा, खाली बघा."

त्यांनी आधी गाडी रीतसर कडेला घेतली, मग खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. गुडघ्याजवळ पँट धरून त्यांनी पाय उचलला आणि पेडलच्या बाजूला ठेवला.

"कधीपासून?"

"आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही गेल्या. म्हटलं, बरं झालं, सुटलो."

"डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर घरी कळलं असतं. आणि तुम्ही पहिल्यांदा किल्ली काढून घेतली असती."

हे खरंच होतं. यापुढचा प्रश्न मला विचारायचा नव्हता. पण विचारला.

"आणि उजवा?"

समोर शाळा भरत होती. दप्तरं पाठीवर टाकून मुलं रस्ता ओलांडत होती. शेवटचं मूल पलीकडे जाईपर्यंत बाबा बघत राहिले.

"उजवाही," ते म्हणाले.

त्यांनी इंजिन बंद केलं. दाराला धरून ते उतरले. मी सरकून स्टिअरिंगमागे बसले. त्यांच्यासमोर रडायचं नाही एवढंच मला कळत होतं. ते बॉनेटला हात लावत पुढून फिरून माझ्या रिकाम्या झालेल्या सीटपाशी आले, पण चढले नाहीत. खिडकीत वाकले.

"दादाला सांग, प्लेट टाकली की झालं. गाडी विकू नको म्हणावं. ड्रायव्हर बदललाय."