मारफत रंभा कॅसेट सेंटर

शिरूरच्या एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यांत हौसरावांचं 'रंभा कॅसेट सेंटर' होतं. रंभा हे हौसरावांच्या आईचं नाव. पण पाटी रंगवणाऱ्या पेंटरला ते कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याने स्वतःच्या अकलेने नावाशेजारी एक कमरेत वाकलेली, डोळे मिटलेली बाई काढून ठेवली. आई हयात असताना एकदाच दुकानावर आली, पाटीकडे बघून म्हणाली, "ही कोण रं बया?" आणि पुन्हा त्या रस्त्याने गेली नाही.

कॅसेट विकत घेण्याची त्या भागात एक रीत होती. कलिंगड जसं चीर पाडून बघितल्याशिवाय घेत नाहीत, तशी कॅसेट वाजवून बघितल्याशिवाय कुणी घेत नसे. आणि वाजवून म्हणजे पूर्ण वाजवून, दोन्ही बाजू. गिऱ्हाईक बाकड्यावर बसायचं, पिशवी पायाशी ठेवायचं, पहिली बाजू डोळे मिटून ऐकायचं आणि म्हणायचं, "ही झाली. दुसरी कशी हाय?" दुसरी झाली की उठून धोतर झटकत म्हणायचं, "बघू फुडच्या बाजारी." हौसराव या रीतीच्या नावाने रोज बोटं मोडायचे, आणि रोज सकाळी शटर उघडलं की पहिलं बाकडं बाहेर काढायचे.

या रीतीचा सगळ्यात मोठा मानकरी म्हणजे मांडवगण फराट्याचे तात्याबा. एके काळी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत उतरणारा माणूस, आता उसाला पाणी देत एका जागी बसलेला. बसणं त्यांना मानवत नव्हतं, म्हणून दर बाजारी शिरूरला यायचे. आले की एकच कॅसेट मागायचे: 'बिरोबाच्या ओव्या, म्हस्कू आणि पार्टी.'

ही कॅसेट हौसरावांनी स्वतः भरलेली. उमेदीच्या वर्षांत त्यांना कंपनी काढायची हौस आली होती. टेप, मायक्रोफोन आणि ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन ते मांडवगणजवळच्या वस्तीवर बिरोबाच्या देवळापुढे जाऊन बसले होते. ओवी सांगायला म्हस्कू, तात्याबांचा धाकटा भाऊ. मागे झील धरायला तात्याबा आणि चौघं. कंपनीने आयुष्यात ही एकच कॅसेट काढली. हौसरावांनी त्यावर रंगीत कव्हर चढवलं, पुण्याच्या होलसेलवाल्याच्या यादीत नाव घातलं आणि कंपनी मिटवली. दुसऱ्या बाजूला मध्येच तात्याबांना ठसका लागतो, आणि पाठोपाठ तरण्या हौसरावांचा आवाज येतो, "आबा, खोकायचं आसंल तर मागं सरा की!" हे काढून टाकता येत नव्हतं, म्हणून तसंच विकलं.

तात्याबांनी ही कॅसेट घरी एक घेतली होती. तरी दुकानात येऊन ऐकायचे. "घरच्या टेपला तुझ्या टेपवानी आवाज न्हाई," म्हणायचे. म्हस्कू वारल्यावर तर एकही बाजार चुकवला नाही. पहिली बाजू झाली की "आलोच" म्हणून मिरच्या घ्यायला जायचे, आणि ते परत येईपर्यंत हौसराव टेप थांबवून ठेवायचे. दुसरं गिऱ्हाईक आलं तरी.

दुसरं गिऱ्हाईक येणं मात्र पुढे पुढे थांबत गेलं. दोन हजार सात साल उजाडेपर्यंत रांजणगावच्या कंपन्यांतली पोरं मोबाईलमध्ये नखाएवढं कार्ड घालून त्यात गाणी भरून घ्यायला लागली होती, तीही पानटपरीवर. शिक्रापूरला खोली करून राहणारी बिहारी मंडळी आधी पेटीभर भोजपुरी कॅसेट न्यायची, ती आता दुकानात येऊन फक्त चार्जर आहे का विचारायची.

हौसरावांची मुलगी प्रगती कारेगावला एका कंपनीच्या ऑफिसात होती. तिने एकदा जेवताना बापाला समजावून सांगितलं.

"आप्पा, आता लोक कॉम्प्युटरवर बघतात, बटन दाबतात. वस्तू घरी येते. कॅसेट, सीडी, सगळं."

"आन् वाजवून कोण दाखवतं?"

"कुणीच नाही."

"मग घेत्यात कशी?"

"घेतात."

हौसरावांनी हातातला भाकरीचा घास ताटात ठेवला. धंदा बसणं ते समजू शकत होते. न वाजवता कॅसेट घेणारा माणूस त्यांना समजत नव्हता.

त्यात दौंडचे सोपानराव. सोपानराव म्हणजे हौसरावांच्या बायकोचे, शेवंताबाईंचे, धाकटे भाऊ. दौंड स्टेशनजवळ त्यांचं मोबाईलचं दुकान जोरात होतं आणि शिरूरला दुसरं काढायचं म्हणून त्यांची नजर रंभेवर होती. आले की गाळ्याच्या भिंतींकडे बघत बोलायचे.

"दाजी, दुकान हाय का म्युझियम? तिकीट लावा."

"चहा घ्या, सोपानराव."

"चहा घेतो. पण ह्या भिंतीला काच लावली, आत लाईट सोडला, तर दसऱ्याला उद्घाटन. तुम्ही नुसतं गल्ल्यावर बसायचं. मामला तुमचाच."

"बघू," हौसराव म्हणायचे. शेवंताबाई आतून म्हणायच्या, "बघू काय, व्हय म्हणा." आणि श्रावणात एकदा हौसराव अर्धंमुर्धं व्हय म्हणालेही. कारण तात्याबा यायचे थांबले होते. एक बाजार झाला, दोन झाले, ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. मांडवगणची माणसं सांगायची, म्हातारा ठणठणीत आहे, बाजारालाही येतो. म्हणजे शिरूरला येतो आणि रंभेवर येत नाही. हौसरावांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. बाकडं मात्र बाहेर काढत राहिले.

अशात पुण्याच्या होलसेलवाल्याकडून फोन आला. पलीकडे कुणी नवीन माणूस होता.

"काका, 'बिरोबाच्या ओव्या, म्हस्कू आणि पार्टी' असा माल आहे का तुमच्याकडे? आमच्या यादीत नाव आहे, पण गोडाऊनला सापडत नाही."

हौसरावांनी रॅककडे बघितलं. "हाय. एक नग हाय. कुणाला पायजे?"

"ते आम्हाला कळत नाही हो. वेबसाइटवर ऑर्डर आलीय. आम्ही मुंबईला पाठवणार, ते पुढे पाठवणार."

"फुडं म्हंजी? परदेशात बी?"

"जात असेल की," तो माणूस म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

या 'जात असेल की'चं संध्याकाळपर्यंत अमेरिकेत रूपांतर झालं. हौसरावांच्या डोळ्यांपुढे एक डॉक्टर उभा राहिला. मूळचा आपल्याकडचाच, धनगराचा, आता बर्फात राहणारा, एकटा. ओव्या लागल्या की त्याच्या डोळ्यांत पाणी. शेजारचा रसवंतीवाला म्हणाला, "आन् त्याला तात्याबाचा खोकला बी ऐकू येणार?" हौसराव म्हणाले, "येणार की. अमेरिकेत खोकला न्हाई का?"

शेवटचा नग त्यांनी फडक्याने पुसला, रीतीप्रमाणे दोन्ही बाजू वाजवून बघितला, खोक्यात घालून पुण्याच्या एसटीत ड्रायव्हरच्या हाती दिला. मग दौंडला फोन लावला.

"सोपानराव, दसऱ्याचं ऱ्हाऊ द्या. अमेरिकेतनं ऑर्डर यायला लागल्यात."

"ऑर्डरी, का एकच ऑर्डर?" सोपानरावांनी विचारलं.

"सुरुवात हाय," म्हणून हौसरावांनी विषय मिटवला.

पुढच्या आठवड्यात, बाजाराच्या आदल्या दिवशी, कुरिअरवाला हनुमंत आपली लूना फटफटवत येऊन दुकानासमोर थांबला. कुरिअर गावोगाव जात नसे, शिरूरपर्यंतच येई. त्यामुळे मांडवगण, न्हावरा, कुठलंही पार्सल असो, पत्त्यात 'मारफत रंभा कॅसेट सेंटर' असायचंच. लोकांची औषधं, लग्नपत्रिका, नोकरीचे कागद, सगळं रंभेच्या काउंटरखाली येऊन पडायचं, आणि ज्याचं त्याने बाजाराला आलं की न्यायचं. हौसरावांनी सवयीने सही केली, खोकं उचललं आणि ते हातात खुळखुळलं.

तो आवाज त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. प्लास्टिकच्या डबीत कॅसेट हलते तो आवाज. खोक्यावर मुंबईच्या वेबसाइटचं छापील नाव होतं, आणि खाली घेणाऱ्याचं: तात्याबा, मांडवगण फराटा. मारफत रंभा कॅसेट सेंटर.

हौसरावांनी खोकं काउंटरखाली सरकवलं. दुसऱ्या कुणी बाहेरून घेतलं असतं तर त्यांना काही वाटलं नसतं. पण तात्याबांनी कॉम्प्युटरवरून कॅसेट मागवावी, आणि वर ती ठेवायला रंभेचा पत्ता द्यावा! सवतीचं लुगडं सांभाळायला बायकोला देण्यासारखंच झालं हे.

त्यांनी दौंडला फोन लावला. "उद्या या, सोपानराव. मापं घेऊन टाका."

"आन् अमेरिका?"

"तुम्ही या तर."

बाजाराच्या दिवशी सोपानराव मोजपट्टी घेऊन हजर झाले. कॅसेटच्या रॅकमागे पट्टी सरकवत आकडे पुटपुटत होते, तोच तात्याबा आले. मागे त्यांचा मुलगा दत्ता, रांजणगावच्या कंपनीचा निळा शर्ट घातलेला. तात्याबा नेहमीच्या बाकड्यावर बसले नाहीत. पायरीपाशीच उभे राहिले.

"हौसराव, माझं काय आलंय का रं?"

"आलंय, आबा." हौसरावांनी खोकं काउंटरवर ठेवलं. "मुंबईवरनं आलंय. मोठ्या दुकानातनं."

तात्याबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दत्ताने किल्लीने चिकटपट्टी फाडली, आतला कागद बाजूला केला आणि कॅसेट बाहेर काढली.

हौसरावांनी कव्हर पाहिलं. त्या कव्हरवर बिरोबाच्या मेंढीला छापखान्यात चुकून निळा रंग लागला होता. निळी मेंढी अख्ख्या जगात दुसऱ्या कुठल्या कॅसेटवर नव्हती.

"ही तर माझी हाय," हौसराव म्हणाले.

"तुझी कशी? पैसं दत्ताच्या सायबाच्या कार्डातनं गेल्यात," तात्याबा म्हणाले.

"आवो आबा, मी पाठवलेली! गेल्या आठवड्यात, ह्या हातानं! हितनं पुण्याला गेली, पुण्यातनं मुंबईला, आन् मुंबईतनं..." हौसराव थांबले. बर्फातला डॉक्टर त्यांच्या डोळ्यांसमोरून हळूच उठून निघून गेला. "म्हंजी अमेरिका तुम्हीच व्हय?"

मोजपट्टी खाली टाकून सोपानराव हसायला लागले, ते रॅकला धरूनच. शेजारचा रसवंतीवाला घुंगरांचं चाक थांबवून बघायला आला.

"दत्ता," हौसराव म्हणाले, "तू कॅसेटच्या दुकानाचा पत्ता देऊन कॅसेट मागवलीस. डोक्यात काय आलं न्हाई का तुझ्या?"

"पत्ता टाकायचा म्हटल्यावर रंभाच टाकतो की आम्ही, काका," दत्ता कान खाजवत म्हणाला. "दुसरा पत्ता हाय कुठं आमाला?"

"पण मागवायची कशाला? मला सांगायचं. मूळ टेप हाय माझ्याकडं, भरून दिली असती."

दत्ताने बापाकडे बघितलं. तात्याबांनी पागोटं काढून पुन्हा बसवलं.

"घरच्या टेपनं पट्टी खाल्ली," ते म्हणाले. "ज्येष्ठातच. तुझ्याकडं आलो आस्तो तर तू भरून दिली आस्तीस, आन् पैसं घेतलं नसतंस."

"न्हाईच घेतलं आसतं."

"मंग? आधीच तुझं बसलंय. सारा बाजार बोलतोय. म्या म्हातारा आयुष्यभर फुकाट ऐकून गेलो. म्हटलं, आता आणिक हौसरावला कशाला बुडवा. घ्यावी परक्याकडनं, बुडला तर परका बुडंल. हिकडं यायचं तोंडच नव्हतं. आलो आस्तो तर तू इचारलं आस्तंस, आन् मला खोटं बोलाया येत न्हाई."

एका माणसाने दुकान वाचावं म्हणून दुकानात येणं बंद केलं होतं. हौसरावांनी गळ्यातला रुमाल काढून काउंटर पुसलं. ते स्वच्छच होतं.

"बरं," तात्याबा म्हणाले, "आता आलीया तर वाजव की. न वाजवता कशी न्हेऊ?"

"आबा, तीच हाय ती. मी वाजवून पाठवलीया," हौसराव म्हणाले.

"तू पाठवलीस तवा वाजली. मधी मुंबईला जाऊन आलीया. काय सांगावं?"

हौसरावांनी कॅसेट टेपमध्ये घातली. ढोल घुमला आणि म्हस्कूचा आवाज स्टँडच्या गोंगाटातून वर आला. तात्याबा बाकड्यावर बसले. पिशवी पायाशी ठेवली. रसवंतीवाल्याने चाक सुरू केलं नाही. पहिली बाजू संपेपर्यंत बाकड्यावर जागा उरली नव्हती. न्हावऱ्याची दोन म्हातारी माणसं आपली औषधं न्यायला आली होती, तीही टेकली.

"दाजी," सोपानराव हळूच म्हणाले, "मापाचं काय करायचं?"

"घ्या की. हा काउंटरचा कोपरा सोडून."

"कोपरा? आन् मग काच?"

"काच बाकीच्या भिंतींना लावा. हा टेप हितंच ऱ्हाणार, हे बाकडं हितंच, आन् काउंटरखालची पार्सलंबी हितंच. पाटीबी काढायची न्हाई."

"पाटीवरची ती बाई बी?"

"ती कुणाची कोण हाय ठावं न्हाई. पण तिच्या पत्त्यावर अख्ख्या तालुक्याचं टपाल येतं."

"आवो पण कोपऱ्यात विकणार काय तुम्ही?"

"विकणार काय न्हाई," हौसराव म्हणाले. "वाजवून दाखवणार."

सोपानरावांनी बहिणीला कसं सांगायचं याचा विचार करत मोजपट्टी उचलली, कोपऱ्यापाशी आणली आणि थोडी मागे घेतली. तेवढ्यात तात्याबा उठले.

"हौसराव, थांबव. मिरच्या घेऊन आलोच. दुसऱ्या बाजूला माझा खोकला हाय, तो मुंबईवाल्यांनी ठिवलाय का काढलाय बघायचा."

हौसरावांनी कॅसेट पालटून घातली आणि बटणावर बोट ठेवून तसेच उभे राहिले. सोपानरावांच्या पट्टीचं टोक धरायला त्यांचा दुसरा हात मोकळा होता, तो त्यांनी दिला.